परतफेडीला दान म्हणू नये

'घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे' ही म्हण अलीकडे एका ठरावीक प्रसंगी हटकून कानी येते. युद्धात होरपळलेल्या एखाद्या परक्या मुलखाला भारत सरकारने काही कोटी दिल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, की आपल्यातील सुशिक्षित, सुस्थित आणि रविवारच्या मिस्साबलीला न चुकता हजर राहणारी मंडळीसुद्धा ती म्हण उच्चारतात आणि वर विचारतात, 'आपल्या गावात नळाला पाणी नाही आणि हे चालले परदेशात घरे बांधायला!' प्रश्न रास्त वाटतो. विचारणाऱ्याच्या मनात नळाविषयी खरोखर कळकळ असेल, तर त्याविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु आमचा अनुभव असा, की जे परदेशी मदतीच्या वेळी नळाची आठवण काढतात, ते नळाच्या मोर्चात सहसा दिसत नाहीत.

मोघम बोलण्यापेक्षा एकच उदाहरण घेऊन हा प्रश्न तपासावा, असे आम्ही ठरवले आहे. उदाहरण शेजारचे आहे. श्रीलंकेतील यादवी युद्ध जुलै १९८३ च्या तमिळविरोधी दंगलींनंतर भडकले आणि मे २००९ मध्ये मुल्लैतीवू जिल्ह्यातील मुळ्ळिवायक्कालच्या किनाऱ्यावर संपले. शेवटच्या काही महिन्यांत तेथे किती नागरिक मेले, याचा हिशेब आजही लागलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ साली दिलेल्या अहवालात ही संख्या चाळीस हजारांपर्यंत असू शकते, असे म्हटले. जे वाचले, त्यांतील पावणेतीन लाखांहून अधिक माणसे काटेरी तारांच्या कुंपणाआड, मुख्यतः वावुनियाजवळच्या मेणिक फार्म छावणीत, कोंबली गेली. ही छावणी सप्टेंबर २०१२ पर्यंत चालू होती. छावणीतून माणसे गावी परतली तेव्हा गावे उरली नव्हती. घराचे जोते कुठे होते, हे विहिरीच्या खुणेवरून ओळखावे लागत होते आणि त्या विहिरीपर्यंत जाण्याच्या वाटेवर सुरुंग पेरलेले होते.

जून २०१० मध्ये भारत सरकारने या मुलखात पन्नास हजार घरे बांधून देण्याचे जाहीर केले. जानेवारी २०१२ मध्ये त्याविषयीचा करार झाला. खर्च सुमारे १३७२ कोटी रुपये, आणि तो सर्व अनुदानाचा, म्हणजे परत न घेण्याचा. उत्तर आणि पूर्व प्रांतांत ४६ हजार घरे झाली. उरलेली ४ हजार मध्य डोंगराळ भागातील चहामळ्यांच्या कामगारांसाठी ठेवली गेली आणि २०१७ साली त्यांत आणखी १० हजारांची भर घालण्याची घोषणा झाली.

व्याह्याच्या घोड्याची म्हण सांगणाऱ्यांनी येथे थोडे अंकगणित करावे. १३७२ कोटी रुपये त्या वेळच्या सव्वाशे कोटी भारतीयांवर वाटले, तर माणशी अकरा रुपयेही पडत नाहीत. तेही एका वर्षात नव्हे, अनेक वर्षांत मिळून. एवढ्या पैशात आपल्या गावचा नळ आला असता, असे ज्यांना प्रामाणिकपणे वाटते, त्यांनी पाणीपुरवठ्याच्या कोणत्याही सरकारी योजनेचा ताळेबंद एकदा डोळ्यांखालून घालावा. आपल्या नळाचे पाणी जाफन्याच्या विधवेने पळवलेले नाही.

पण हे उत्तर हिशेबाचे झाले. खरे उत्तर वेगळे आहे आणि ते ऐकून घेण्याची आपल्याकडे तयारी कमी आहे. ती घरे आपण दान म्हणून दिलेली नाहीत. निदान दान म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना एक भेद आमच्या मनावर पक्का बिंबवला गेला. संत थॉमस अक्वायनस यांनी परतफेडीचा विचार प्रीतीच्या प्रकरणात केलेला नाही, न्यायाच्या प्रकरणात केलेला आहे. ज्याचे मी हिरावले किंवा हिरावण्यास हातभार लावला, त्याला ते परत देणे हा माझा मोठेपणा नव्हे. ते दिल्यावर मी आभाराची अपेक्षा ठेवली, तर चोरीवर आणखी एक पाप चढले. कबुलीच्या खुर्चीत हा नियम साध्या शेतकऱ्यालाही समजतो. शेजाऱ्याचा बांध कोरणाऱ्याला आम्ही 'प्रार्थना कर' एवढेच सांगून सोडत नाही, बांध पूर्ववत करायला सांगतो. राष्ट्रांच्या बाबतीत मात्र हा नियम लागू होत नाही, असे आपण कोणत्या आधारावर मानतो?

श्रीलंकेचा बांध आपण कोरला नाही काय? १९८० नंतरच्या दशकात तमिळ तरुणांच्या सशस्त्र गटांना भारतीय भूमीवर शस्त्रांचे शिक्षण दिले गेले, ही आता गुप्त गोष्ट राहिलेली नाही. पुढे २९ जुलै १९८७ चा करार झाला आणि आपली शांतिसेना त्या बेटावर उतरली. शांतता राखायला गेलेली सेना काही आठवड्यांतच लढाईत उतरली आणि मार्च १९९० मध्ये परतली, तेव्हा सुमारे बाराशे भारतीय जवान प्राणांस मुकले होते. त्यांच्याविषयी, त्यांच्या घरच्यांविषयी आमच्या मनात दुःखच आहे. परंतु २१ ऑक्टोबर १९८७ रोजी, ऐन दिवाळीत, जाफन्याच्या सार्वजनिक रुग्णालयात साठाहून अधिक रुग्ण, परिचारिका, डॉक्टर व कर्मचारी गोळीबारात मारले गेले, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे. लष्कराने तो चकमकीचा परिणाम मानला. रुग्णालयातील जे लोक मृतदेहांखाली निपचित पडून वाचले, त्यांनी निराळेच सांगितले. आपल्या पाठ्यपुस्तकांत या दोन दिवसांचा उल्लेख आम्हांला कधी आढळला नाही.

यावर लगेच उत्तर येते, 'त्यांनी आमच्या माजी पंतप्रधानांचा खून केला.' होय. २१ मे १९९१ रोजी तमिळ वाघांनी राजीव गांधींची क्रूर हत्या केली. याच वाघांनी ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तरेतील सुमारे पाऊण लाख मुसलमानांना, काहींना तर अवघ्या दोन तासांच्या मुदतीवर, घराबाहेर काढले, शाळकरी मुलांना पलटणीत ओढले आणि शेवटच्या लढाईत आपल्याच लोकांना ढालीसारखे पुढे धरले. त्यांच्याविषयी आमच्या मनात कणभरही ममत्व नाही. परंतु मुल्लैतीवूच्या कोळणीने श्रीपेरुंबुदूरला बॉम्ब ठेवला नव्हता. तिच्या मुलाला वाघांनी नेले, तिच्या घरावर सरकारी तोफेचा गोळा पडला, तिच्या गावात आपली सेना येऊन गेली. तिघांनीही तिचे नुकसान केले आणि त्या तिघांपैकी एकाचे नागरिक आपण आहोत.

आता दुसऱ्या पंथाकडे वळू. हा पंथ अधिक हुशार आहे आणि म्हणून अधिक घातक. परदेशी मदतीला त्याचा विरोध नाही. उलट तो म्हणतो, 'द्या, भरपूर द्या, नाहीतर चीन देईल.' दूरचित्रवाणीवरचे सामरिक तज्ज्ञ, निवृत्त राजदूत, इंग्रजी दैनिकांचे स्तंभलेखक या पंथात मोडतात. हंबनटोटाचे बंदर २०१७ साली चिनी कंपनीकडे नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेले, तेव्हापासून त्यांच्या लेखी श्रीलंकेतील प्रत्येक वीट ही बुद्धिबळाच्या पटावरची सोंगटी झाली आहे. घर मिळालेल्या कुटुंबाचे काय झाले, त्याच्या छपराखाली चूल पेटते की नाही, हे या मंडळींच्या लेखांत शोधूनही सापडणार नाही. त्यांना हवा असतो तो फलक, त्यावरचा ध्वज आणि किल्ली हाती देतानाचे छायाचित्र.

या पंथाने 'मदत' या शब्दाचे जे केले आहे, ते वाचकांनी लक्षपूर्वक पाहावे. उत्तर श्रीलंकेतील उखडलेले लोहमार्ग भारतीय कंपनीने पुन्हा घातले. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'याळ देवी' गाडी चोवीस वर्षांनी जाफन्यात शिरली, तेव्हा फलाटावर म्हातारी माणसे रडली. उत्तम काम झाले. परंतु ते कर्ज होते. सव्याज फेडायचे, आणि काम मात्र भारतीय कंपनीनेच करायचे. घरे अनुदान होती. आपल्याकडील भाषणांत या दोन्ही रकमा एकत्र मिळवून 'भारताने श्रीलंकेला दिलेली मदत' असा एकच आकडा ठोकून दिला जातो. सावकाराने गहाणखत आणि भिक्षेकऱ्याला घातलेली पसाभर भाकरी एकाच वहीत, एकाच रकान्यात लिहिली, तर आपण त्याला काय म्हणू?

येथे एका गोवेकराची आठवण होते. बाणावलीला जन्मलेला जोसेफ वाझ १६८७ साली जाफन्याच्या किनाऱ्याला लागला तो अंगावर फाटके कपडे आणि हातात झोळी घेऊन. डचांच्या बंदीमुळे त्याला उघडपणे धर्मगुरू म्हणून जाता येणे शक्य नव्हते. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत त्यांना संत घोषित केले आणि त्याच दिवशी ते मधूच्या मातेच्या मंदिरात गेले. युद्धाच्या काळात हजारो निर्वासितांनी त्या मंदिराच्या आवारात आसरा घेतला होता, आणि २००८ साली लढाई दारात आल्यावर मरियेच्या मूर्तीलाही तेथून हलवावे लागले होते. संत जोसेफ वाझ यांनी त्या बेटाला काय दिले, हे तेथील लोक तीन शतकांनंतरही सांगतात. त्यांनी कोठे फलक लावल्याचे ऐकिवात नाही. असो.

घरांकडे परत येऊ, कारण आमच्या मते या सगळ्या प्रकरणात शिकण्याजोगे जे काही आहे, ते घर बांधण्याच्या रीतीत आहे.

पहिली एक हजार घरे ठेकेदारांकडून बांधून घेतली गेली. सरकारची नेहमीची पद्धत ती. निविदा, ठेकेदार, उपठेकेदार, उद्‍घाटन. ही घरे २०१२ च्या मध्यापर्यंत पुरी झाली. पुढच्या घरांसाठी मात्र मार्ग बदलला. २ ऑक्टोबर २०१२ पासून सुरू झालेल्या टप्प्यात ठेकेदार बाजूला झाला. ज्याचे घर त्यानेच बांधायचे. कुटुंबाच्या बँकेच्या खात्यावर श्रीलंकेचे साडेपाच लाख रुपये, तेव्हाच्या दराने आपले अंदाजे सव्वादोन ते अडीच लाख, टप्प्याटप्प्याने जमा व्हायचे. जोते झाले की एक हप्ता, भिंती उभ्या राहिल्या की दुसरा, असे. संयुक्त राष्ट्रांची वसाहतविषयक संस्था, रेड क्रॉस वगैरे संघटनांचे तंत्रज्ञ देखरेख करीत, सल्ला देत. गवंडी कोण लावायचा, वाळू कोठून आणायची, देवघर कोणत्या दिशेला आणि स्वयंपाकघर कोठे, हे घरधनी ठरवी. घरधनी म्हणजे पुष्कळदा घरधनीण, कारण पुरुष मेलेले तरी होते किंवा बेपत्ता तरी.

ही रीत आपल्या महाराष्ट्राला अनोळखी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी उठवून ठेकेदारांकडून बांधली गेली. सरळ रस्ते, चौकोनी भूखंड, एकाच मापाची घरे. गुरांना जागा नाही, धान्याच्या कणग्यांना जागा नाही, शेजार तुटला. दुसरीकडे सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुती मालकांनीच सरकारी साहाय्य घेऊन मूळ जागी केली. या दोन्ही कामांत माणसांनी आपले म्हणून काय स्वीकारले, हे ज्यांना पाहायचे आहे, त्यांनी लातूर-धाराशिवकडे एक फेरी मारावी. आपत्तीत सापडलेला माणूस हातपाय गमावून बसलेला असतो, असे सरकारला वाटते. वास्तविक त्याने घर गमावलेले असते, बुद्धी नव्हे.

श्रीलंकेच्या सरकारला मात्र हा धडा पचला नाही. २०१५-१६ च्या सुमारास तेथे पासष्ट हजार घरांची आणखी एक योजना पुढे आली. एका बहुराष्ट्रीय पोलाद कंपनीने तयार साच्याची लोखंडी घरे आणून उभी करायची, आणि दर घराची किंमत सुमारे एकवीस लाख श्रीलंकन रुपये. विटांचे घर त्याच्या निम्म्याहूनही कमी खर्चात होत होते. उत्तरेच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत माणसे राहणार कशी, स्थानिक गवंड्याला, सुताराला, विटा पाडणाऱ्याला काम काय उरणार, असे प्रश्न तेथील अभियंत्यांनी, प्राध्यापकांनी आणि लोकप्रतिनिधींनी विचारले. गदारोळ झाला आणि योजना ठरल्या स्वरूपात तडीस गेली नाही. सांगण्याचा मुद्दा असा, की युद्धग्रस्तांच्या नावाने काढलेल्या योजनेत पहिला फायदा कोणाचा, हे पाहिल्याखेरीज तिला मदत म्हणू नये.

भारताची योजना निर्दोष होती, असे आम्ही म्हणत नाही. साडेपाच लाखांत घर पुरे होईना. वाळू महाग झाली, सिमेंट महाग झाले. सगळीकडे एकाच वेळी बांधकामे निघाल्यावर मजुरीचे दर चढले. युद्धात होते नव्हते ते सोने विकलेल्या बायांनी उरलेसुरले गहाण टाकले. मग त्या सूक्ष्म कर्ज देणाऱ्या खासगी कंपन्यांच्या दारी गेल्या. काही वर्षांत उत्तरेतील आणि पूर्वेतील गावांत वसुलीवाल्यांच्या मोटारसायकली दारोदार फिरू लागल्या आणि २०१८ साली तेथील सरकारला अशा स्त्रियांची काही कर्जे माफ करावी लागली. घर दिले, पण रोजगार दिला नाही. समुद्रावर जायला होडी नाही, शेतात लावायला बियाणे नाही, आणि चार भिंतींचे ऋण मात्र डोक्यावर. भारताने बियाणे, ट्रॅक्टर, सायकलीही पाठवल्या होत्या. परंतु ती सुरुवातीची शिदोरी होती, शिदोरीवर संसार चालत नाही.

आणि ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांचे काय? जाफन्याजवळच्या वलिकामम उत्तर भागात १९९० पासून लष्कराने ताब्यात ठेवलेल्या जमिनी २०१५ नंतर थोड्या थोड्या करून सुटल्या, तरी सगळ्या सुटल्या नाहीत. मुल्लैतीवूतील केप्पापुलवू येथे स्त्रिया आपल्याच शेताच्या फाटकासमोर रस्त्यावर बसून राहिल्या, आणि आत सैनिक त्यांच्या जमिनीत शेती करीत होते. वाघांनी हाकललेले मुसलमान वीस वर्षांनी मन्नारला परतू लागले, तेव्हा 'जुने विस्थापित' म्हणून त्यांचे नाव यादीत मागे गेले. दुःख जुने झाले की सरकारी यादीत त्याचा क्रमांक खाली सरकतो!

पैसे देणाऱ्या राष्ट्राला या गोष्टींविषयी बोलण्याचा हक्क नाही, असे परराष्ट्र खाते म्हणते. आम्हांला हे पटत नाही. मन्नारचे बिशप रायप्पू जोसेफ यांनी जानेवारी २०११ मध्ये चौकशी आयोगासमोर बसून सरकारच्याच आकड्यांची वजाबाकी करून दाखवली होती. अमुक तारखेला वन्नी भागात इतकी माणसे होती, तमुक तारखेला सरकारी ताब्यात इतकी आली, मधली १,४६,६७९ माणसे कोठे गेली, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नापायी त्यांना देशद्रोही म्हटले गेले. २०२१ साली त्यांचे निधन झाले. प्रश्न अजून तेथेच आहे. एका बिशपाला जे विचारता आले, ते १३७२ कोटी देणाऱ्या सरकारला विचारता येऊ नये?

आपल्यावर टीका केली, म्हणून श्रीमंत राष्ट्रे पुण्यवान ठरत नाहीत. १९७० च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरवले, की संपन्न देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नातील शेकडा ०.७ भाग विकासासाठी द्यावा. २०२४ मध्ये हे वचन पाळणारे देश चारच होते, नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क. ब्रिटनने तर हिशेबाची कमालच केली. आपल्याच देशात हॉटेलांमध्ये ठेवलेल्या निर्वासितांचा खर्च त्याने परदेशी मदतीच्या रकान्यात टाकला. नियमाने पहिल्या वर्षाचा असा खर्च धरता येतो, हे खरे. परंतु २०२३ साली त्या देशाच्या एकूण मदतीपैकी शेकडा २८ भाग असा देशातल्या देशातच खर्च झाला. म्हणजे सुदानच्या भुकेल्याच्या वाट्याचा पैसा इंग्लंडच्या हॉटेलवाल्याच्या गल्ल्यात गेला. वर फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनने जाहीर केले, की २०२७ पर्यंत मदत ०.३ वर आणू आणि वाचलेला पैसा संरक्षणाकडे वळवू. अमेरिकेने तर जानेवारी २०२५ मध्ये मदत गोठवली आणि जुलै उजाडेतो साठ वर्षांहून जुनी आपली मदतसंस्थाच मोडीत काढली.

याचा अर्थ छावणीत काय होतो? बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या छावण्यांत दहा लाखांहून अधिक रोहिंग्या राहतात. त्यांना काम करण्याची मुभा नाही. २०२३ च्या मार्चात त्यांचे महिन्याचे अन्न माणशी बारा डॉलरांवरून दहावर आणि जूनमध्ये आठवर आले, कारण देणाऱ्यांनी हात आखडला. आठ डॉलर म्हणजे दिवसाला आपले बावीस रुपये. मुंबईत त्यात एक वडापाव बसतो. पुढच्या वर्षी रक्कम पूर्ववत झाली, आणि २०२५ च्या वसंतात पुन्हा ती निम्म्यावर आणण्याची नोटीस निघाली. ती ऐनवेळी टळली. माणसाच्या पोटाशी असा खेळ!

वाचकांपैकी ज्येष्ठांना डिसेंबर १९६४ आठवत असेल. मुंबईच्या युखरिस्त परिषदेसाठी पोप सहावे पॉल आले होते. याच मुंबईतून त्यांनी राष्ट्रांना आवाहन केले, की शस्त्रांवरचा खर्च थोडा कमी करा आणि त्यातून गरिबांसाठी जागतिक निधी उभा करा. १९६७ च्या आपल्या परिपत्रकात त्यांनी या मुंबईच्या आवाहनाची पुन्हा आठवण दिली. त्यांच्या स्वागताला लोटलेल्या गर्दीची वर्णने आपल्या घराघरांत सांगितली जातात, ते काय म्हणाले हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आज ब्रिटनने बरोबर उलटा मार्ग धरला आहे. गरिबांचा निधी कमी करून शस्त्रांना द्यायचा.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने सर्वांत लाजिरवाणा भाग.

ज्या युद्धातील उद्ध्वस्तांना आपण समुद्रापलीकडे घरे दिली, त्याच युद्धातून पळालेली माणसे समुद्राच्या अलीकडेही आहेत. १९८३ पासून ती आली. तमिळनाडूतील शंभराहून अधिक छावण्यांत आजही सुमारे ५८ हजार लोक राहतात, आणि छावणीबाहेर पोलिसांकडे नोंद असलेले आणखी तीसेक हजार. त्यांची मुले येथे जन्मली, नातवंडे येथे जन्मली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीत तिसरी पिढी वाढली. ऑगस्ट २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने ३१७ कोटींची योजना जाहीर करून मोडकळीस आलेल्या साडेसात हजारांच्या आसपास खोल्यांच्या जागी नवी घरे बांधायला घेतली आणि 'निर्वासित छावणी' हे नाव बदलून 'पुनर्वसन छावणी' केले. या सरकारला श्रेय द्यायलाच हवे. पण माणसाच्या कागदावर काय लिहायचे, हे राज्याच्या हाती नाही.

केंद्राच्या कागदावर ती बेकायदा स्थलांतरित आहेत. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक जागतिक करारावर सही केलेली नाही आणि स्वतःचा निर्वासित कायदाही केलेला नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना वाट मोकळी केली. श्रीलंकेतून आलेला हिंदू बसला नाही, ख्रिस्तीही बसला नाही. मुसलमानांना वगळल्याचा वाद देशभर गाजला आणि तो गाजायलाच हवा होता. परंतु श्रीलंकेच्या तमिळांना का वगळले, याचे सरळ उत्तर कोणी दिल्याचे आमच्या वाचनात नाही. त्यांतील पुष्कळजण तर त्या चहामळ्यांच्या कामगारांचे वंशज आहेत, ज्यांच्या पूर्वजांना इंग्रजांनी तमिळ मुलखातूनच तेथे नेले होते आणि १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारात आपण ज्यांतील सव्वापाच लाख लोकांना भारतीय नागरिक म्हणून परत घेण्याचे लेखी मान्य केले होते.

मे २०२५ मध्ये श्रीलंकेच्या एका तमिळ माणसाच्या अर्जावर बोलताना सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तोंडी म्हटले, की हा देश म्हणजे धर्मशाळा नव्हे. न्यायासनाविषयी पूर्ण आदर बाळगून आम्ही एवढेच म्हणतो, की धर्मशाळा हा या भूमीवर हिणवण्याचा शब्द कधी नव्हता. वारीच्या वाटेवर, घाटमाथ्यावर, नदीकाठी ज्यांनी धर्मशाळा बांधल्या, त्या अहिल्याबाईंचे आणि असंख्य अनामिकांचे आपण गोडवे गातो. सप्टेंबर २०२५ मध्ये गृहखात्याने ९ जानेवारी २०१५ पूर्वी आलेल्या, नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना नव्या परदेशी नागरिक कायद्याच्या शिक्षेतून सूट दिली. चाळीस वर्षांनी आपण त्यांना एवढेच सांगितले, की तुम्हांला तुरुंगात टाकणार नाही.

२०२२ साली श्रीलंकेची तिजोरी रिकामी झाली. औषध नाही, इंधन नाही, दुधाची भुकटी नाही. भारताने त्या वर्षी कर्जे, मुदतवाढी आणि इतर मार्गांनी जवळजवळ चार अब्ज डॉलरांचा आधार दिला. आपल्या पंथातील तज्ज्ञांनी त्यावर भरभरून लिहिले. त्याच महिन्यांत तलैमन्नारहून काही कुटुंबे रात्री होडीत बसली. तेथून धनुष्कोडी अवघे तीस किलोमीटर. होडीवाले त्यांना मध्येच वाळूच्या बेटांवर उतरवून परत फिरत. मग आपले तटरक्षक येऊन त्यांना उचलत. पहिल्यांदा जे आले, त्यांच्यावर पासपोर्टविषयक कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. नंतर त्यांना मंडपमच्या छावणीत ठेवले. परत पाठवले नाही, हे चांगले झाले. पण निर्वासित म्हणून त्यांची नोंद करण्यास मात्र टाळाटाळ झाली.

आमची मागणी मोठी नाही. परराष्ट्र खात्याने दर वर्षी संसदेपुढे कर्ज एका पानावर आणि अनुदान दुसऱ्या पानावर मांडावे. युद्धग्रस्तांसाठी जे द्यायचे, ते शक्य तेथे ठेकेदाराला न देता त्यांच्याच हाती द्यावे, आणि घराबरोबर निदान दोन वर्षांच्या रोजगाराची तजवीज करावी. आणि ज्या श्रीलंकन तमिळाने आयुष्याची तीस-चाळीस वर्षे आपल्या छावणीत काढली, त्याला परत जायचे असेल तर जाफन्यात घर आणि राहायचे असेल तर येथे नागरिकत्व, असे विचारणारा एक साधा अर्ज गृहखात्याने छापावा. पहिले टपाल मंडपमला पाठवावे.